पत्रावळीवरचा हात

काहिलीचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं उठतं. आज सकाळी वारा फिरला आणि नदीकडच्या गुऱ्हाळातून तो वास थेट आमच्या अंगणात आला, उकळत्या रसाचा, दाट, घशात जाऊन बसणारा. हंगाम सुरू झाला म्हणायचा. सून तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "आत्या, काय वास सुटलाय बघा!" मी म्हणाले, "दार लाव." ती बिचारी बघतच राहिली. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय असं तिला वाटलं असेल. बिनसलंयच. चाळीस वर्षं झाली बिनसून, आणि ते नीट व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

संध्याकाळपर्यंत कुणाकडून तरी काकवीचा तांब्या येईल. उद्या ताज्या गुळाचा खडा येईल, परवा कुणीतरी ऊस आणून दारात टाकेल. देणाऱ्याच्या मनात माया असते हे मला कळतं. माझा राग त्या मायेवरच आहे. वाकड्यात शिरणाऱ्या माणसाशी चार शब्द भांडून मोकळं होता येतं. पण जो हसत हसत, पाठीवरून हात फिरवत तुमच्या पानात चौथी पोळी टाकतो, त्याचं काय करायचं? त्याला नको म्हटलं तर तो हिरमुसतो. दुसऱ्यांदा नको म्हटलं तर त्याला तुमचं दुखणं वाटतं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर माज वाटतो. चौथ्यांदा नको म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्याच्याशी माझं लग्न झालं होतं.

मी त्यांचं नाव घेत नाही. सारं गाव त्यांना पैलवान म्हणायचं, मीही इथं तेच म्हणते.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत होत्या, शहरातली माणसं धान्यासाठी कंट्रोलच्या दुकानापुढं उभी राहून परत जात होती. माझा धाकटा भाऊ पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या रानात कुठंतरी होता आणि त्याचं पत्र यायचं बंद झालं होतं. अशा दिवसांत कृष्णाकाठच्या आमच्या गावात कशावरून आकांत झाला, तर एका माणसानं दोन भाकऱ्या कमी खाल्ल्या यावरून. हे मी थट्टेनं लिहीत नाही. खरंच आकांत झाला.

पैलवानांना गावानं वाढवलं होतं. त्यांनी तालमीत पाऊल टाकलं तेव्हापासून दर दिवशी एका घरची दुधाची चरवी तालमीत जायची. आज वरच्या आळीची म्हैस, उद्या खालच्या आळीची. कुणाची म्हैस व्याली की पहिला खरवस पैलवानाला. एका वर्षी त्यांनी साताऱ्याकडच्या एका मोठ्या मैदानात नावाजलेला मल्ल पाडला, तेव्हा गावानं त्यांना उचलून आणलं ते थेट गुऱ्हाळात, आणि लिंबाच्या फांदीला टांगलेल्या गुळाच्या तराजूत बसवलं. त्यांच्या भारंभार गूळ गावभर वाटला. तेव्हापासून ती रीतच पडून गेली. हंगामाच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एका पारड्यात पैलवान, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. किती ढेपा भरतात ते मोठ्यानं ओरडून सांगायचं, आणि मागच्या खेपेपेक्षा जास्त भरल्या की हलगी वाजवायची.

मग त्यांचा खांदा निखळला आणि आखाडा सुटला. अंगाला माती लागायची थांबली. दूध मात्र थांबलं नाही. तूप, बदाम, खारका, खरवस, सगळं पूर्वीसारखं चालू. रोज हजार जोर काढणाऱ्या माणसाचा खुराक, आणि माणूस दिवसभर पारावर बसलेला. दोन-तीन वर्षांत जे व्हायचं ते झालं. मान दिसेनाशी झाली. गुडघे दुखायला लागले. झोपेत ते असे घोरायचे की मी बसून राहायची, पुढचा श्वास येतो की नाही ते बघत.

त्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ते चार ढेपा भरले. पूर्ण चार. तराजूची दांडी करकरली तशी लोकांनी टोप्या उडवल्या. तालमीचे वस्ताद, ज्यांनी त्यांना पहिला लंगोट बांधला होता, ते पदरचं पोर पास झाल्यासारखे डोळे पुसत होते. "चार ढेपा रं गड्यांनो! हाय का कुन्या गावात असला बाप्या?" हलगी घुमली. तासाभरानं आम्ही घराकडे निघालो. नदीपासून गावापर्यंत चढ आहे. पोटुशा बायका दोन-दोन घागरी घेऊन तो चढतात. पैलवान त्या चढावर तीनदा खाली बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे पडले होते आणि ते माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. खालून अजून हलगी ऐकू येत होती. त्या हलगीचा मला जो संताप आला, तो आजही तस्साच आहे.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना सांगलीला नेलं. कुणाला न सांगता, भावाच्या पत्राची चौकशी करायची म्हणून. डॉक्टर बारीक चणीचे, चष्मेवाले होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "पैलवान, कुस्ती किती वर्षं केलीत?"

"पंधरा वर्सं झाली असतील."

"मग हीही एक कुस्तीच समजा. आणि ही झटक्यात निकाली होणार नाही. हे वजन असंच राहिलं तर तुमचं हृदय फार वर्षं ओढणार नाही. एकदम उतरवायला गेलात तरी मराल. महिन्या-महिन्यानं, थोडं थोडं उतरवायचं."

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून पाठ आहे. सकाळी दोन भाकरी, संध्याकाळी दीड. भाजी-आमटी हवी तेवढी, ताक हवं तेवढं. दूध एकदाच. गूळ-तूप बंद. रोज पहाटे चालायचं, आधी थोडं, मग वाढवत न्यायचं. उपास मुळीच नाही. निघताना ते म्हणाले, "हे जन्मभराचं काम आहे. कधीतरी मोडेल. मोडलं तर दुसऱ्या दिवशी परत धरायचं. एकदा मोडलं म्हणून सोडणारेच फार असतात." पैलवानांनी मान डोलावली. वाटेत मोटारीत म्हणाले, "मानूस काटकुळा हाय, पर पेच बरुबर सांगतोय."

पथ्य म्हणजे काय ते लोकांना वाटतं तसं नसतं. लोकांना वाटतं, एकदा मनाशी ठरवलं की झालं. ठरवायला काय लागतं? ठरवलं सांगलीला, अर्ध्या घटकेत. ते निभवायचं असतं रोज, दोन वेळा, ताटासमोर बसून. दुसरी भाकरी संपली की ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसायचे. "झालं?" म्हणून विचारायचे. मी म्हणायची, "झालं." मग ते ताक प्यायचे आणि उठायचे. एवढा मोठा माणूस, आणि लहान तोंड करून उठायचा. पहिले पंधरा दिवस ते बैलांवर ओरडायचे, दारावर ओरडायचे, माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. एकदा मी गुऱ्हाळात गेले तर ते काहिलीपाशी एकटेच उभे होते. रसावर आलेल्या सोनेरी फेसात त्यांनी बोट बुडवलं होतं. बोट भाजलं असणार. ते त्या बोटाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी ते उसाच्या चिपाडाला पुसलं. मी आले तशीच मागं फिरले. मी पाहिलं हे त्यांना कळू नये असं मला वाटलं.

पहाटे ते खंडोबाच्या माळापर्यंत चालत जायचे. आधी निम्म्या वाटेवरून परत, मग पाऊण, मग देवळाच्या पायरीपर्यंत. वजन मोजायला घरात काही नव्हतं. कमरेचा काळा करदोटा होता तेवढाच. तो सैल झाला की ते गाठ सोडून आवळून बांधायचे, आणि उरलेलं टोक तसंच लोंबतं ठेवायचे. तोडू देत नसत. संक्रांतीपर्यंत ते टोक चार बोटं झालं. रात्रीचं घोरणं कमी झालं. चढावर ते एकदाच थांबायचे, तेही माझ्यासाठी थांबलोय असं दाखवून. मी देवाला काही मागितलं नाही. मी नुसती ते टोक बघायची.

आणि गावानंही ते बघितलं.

पहिल्यांदा थट्टा झाली. पैलवानानं माळ घातली का, म्हणून कुणी विचारलं, कुणी विचारलं सासुरवाडीचा वारा लागला का. मग थट्टा सरली. त्यांना क्षय झालाय असं कुणी म्हणालं. करणी केलीय असं कुणी म्हणालं. आणि एके दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर दुधाची चरवी घेऊन वरच्या आळीची बाई उभी. दुसऱ्या दिवशी दुसरी. गावानं आपल्या आपण ठरवून टाकलं होतं की पैलवान वाळतोय, तर दुधाची पाळी पुन्हा सुरू करायची. पोरांच्या तोंडचं दूध त्या बायका आमच्या दारात आणत होत्या. मी रोज हात जोडून ते परत करत होते. एकीनं तर चरवी उंबऱ्यावरच ठेवली आणि वळून चालू लागली. मी मागं धावले.

"आवं, घरात प्वार हाय की तुमच्या. त्येला पाजा."

ती थांबली, वरपासून खालपर्यंत मला बघितलं आणि म्हणाली, "तू माणदेशची. तुला काय ठावं घरात खानारा बाप्या असला म्हंजी काय असतंय."

त्या वाक्यानं पुढं माझी पाठ सोडली नाही. हो, मी माणची. वडील तिथं शाळामास्तर होते, म्हणून सातवीपर्यंत शिकले, आणि म्हणून आज हे लिहिते आहे. आमच्याकडं पाऊस पडला तर बाजरी, नाही तर मेंढरांमागं वणवण. माझी आई भाकरी थापताना पीठ मोजायची, कारण मोजावंच लागायचं. तिथली माणसं बारीक होती ती काही पथ्यानं नव्हे, भुकेनं. मला उपास आणि पथ्य यांतला फरक या बागायती गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होता. ज्या बाईनं खरी भूक पाहिलीय ती आपल्या नवऱ्याला उपाशी ठेवेल? पण हे सांगायचं कुणाला? आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी सांगायचा प्रयत्न केला. एक दिवस पैलवानांच्या आमटीत त्यांनी टाकलेला लोण्याचा गोळा सापडला. वर तवंग आला म्हणून कळलं, नाही तर महिनाभर चाललं असतं. मी म्हणाले, "आत्याबाई, डाक्टरनं नको सांगितलंय."

"डाक्टरला लेक हाय का पैलवान?"

"त्यांच्या काळजाला सोसत न्हाई."

"माज्या लेकराचं काळीज मला शिकवतीस व्हय गं? वाढायला हात आखडतीस आन् नाव डाक्टरचं?" असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. आता रडणाऱ्या आईशी काय भांडणार?

मग वस्ताद आले. ते दारातच बसले, आत आले नाहीत. मी म्हणाले, "ताक देऊ का?"

"ताकच ऱ्हायलंय व्हय या घरात?" ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपलं लग्न केलं नव्हतं, सारा जीव तालमीत लावला होता, आणि तालमीतून त्यांना आयुष्यात एकच असा पैलवान मिळाला होता. शेवटी म्हणाले, "पोरी, हे अंग कुनाचं हाय, ठावं हाय तुला? गावाचं दूध पिऊन झालंय ते. एकल्या तुझं न्हाई."

मी उंबऱ्यात उभी होते. माझा तोल गेला. "अंग गावाचं, तर मग धाप कुनाची वस्ताद? चढावर तीनदा खाली बसले तवा गावातलं कोन धराया आलं? समदी खाली हलगी वाजवत हुती."

वस्ताद म्हणाले, "शेजारच्या गावची लोकं इचारत्यात, तुमच्याकडं दुस्काळ पडला का म्हनून. पैलवान वाळला म्हंजी गाव वाळलं दिसतंय गं. मला त्येवढंच कळतंय." काठी टेकत ते उठले आणि गेले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. मला नवरा जिवंत हवा होता, गावाला मिरवायला पैलवान हवा होता, आणि दोघांनाही माणूस एकच होता.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. शेवटची काहील उतरली की गुऱ्हाळात जेवण असतं, गुळाच्या पोळ्या, आमटी, वर तूप. जेवणाआधी तराजू. मी पैलवानांना म्हणाले, जाऊ नका. ते म्हणाले, "न्हाई गेलो तर आजारी हाय म्हनतील." गेले. पारड्यात बसले. एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली, आणि चौथी ठेवताच ढेपांचं पारडं खाली गेलं. चौथी काढून तिथं अर्धी ठेवली तेव्हा दांडी सरळ झाली. साडेतीन. जे पहिल्या दिवशी चार होते ते साडेतीन. मी मागं बायकांत उभी होते. मी पदराआड हसले. चार महिने, रोज दोन वेळा, ताटाच्या कडेवरून फिरणारं ते बोट, आणि आज अर्धी ढेप उतरली होती. पैलवानही हसले, गर्दीत मला शोधत हसले. पण हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली. मयताला जमल्यासारखी माणसं उभी होती. त्यांच्याएवढा पराक्रम त्या गावात त्या वर्षी कुणी केला नव्हता, आणि लोक त्यांच्याकडे कीव करून बघत होते.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, मधे पैलवान. आम्ही बायका वाढत होतो. त्यांनी दोन पोळ्या घेतल्या, तूप घेतलं नाही. दुसरी पोळी संपली तसा त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. आमच्याकडे नको म्हणायची ही खूण, आणि आमच्याकडे ही खूण कुणी मानत नाही. हात धरला की हातावरच वाढायचं, चटका बसला की हात निघतोच, ही गंमत. वस्तादांनी स्वतः तांब्या घेतला आणि त्यांच्या हातावर तूप ओतलं. हात हलला नाही. दुसऱ्या कुणी गरम पोळी ठेवली. हात हलला नाही. तूप मनगटावरून गळत होतं आणि पैलवान हसून म्हणत होते, "बास झालं गड्यांनो. प्वाट भरलं." उभ्या आयुष्यात मैदानात त्यांचा हात कुणाला हलवता आला नव्हता. तोच तो हात होता. मी बघत होते आणि मला वाटत होतं, ही कुस्ती मारली त्यांनी.

तेवढ्यात आत्याबाई पाठीमागून मोठ्यानं म्हणाल्या, "त्येचा काय दोष न्हाई. बायकू माणदेशची. हिच्या हाताला वाढायचं वळनच न्हाई."

सगळी पंगत हसली. बायका हसल्या. साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मग मी जे केलं ते लिहायलाच हा लेख लिहिते आहे, आत्तापर्यंत नुसतं इकडचं तिकडचं लिहिलं. मी पुढं झाले. वस्तादांच्या हातातला तांब्या घेतला. पोळ्यांची पाटी काखेला होतीच. पैलवानांच्या समोर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात काढा."

त्यांनी वर बघितलं. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं.

"हात काढा म्हनती न्हवं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हळूच तो हात उचलून मांडीवर ठेवला.

मी वाढलं. तिसरी, चौथी, पाचवी. वर तूप ओतलं, तुपात पोळी बुडेपर्यंत ओतलं. सात पोळ्यांनंतर मी मोजायचं सोडलं. ते मान खाली घालून खात होते. हलगी वाजायला लागली. "आत्ता कसं!" म्हणून लोक ओरडले. वस्ताद म्हणाले, "शाब्बास पोरी, जिंकलंस." लग्न होऊन आल्यापासून त्या गावात पहिल्यांदा कुणी मला शाब्बास म्हटलं. आणि मला ते आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरांनाही नाही. मला ते आवडलं. मी आणखी एक पोळी वाढली.

गावावर रागावणं सोपं आहे. मी गावावर रागावले, आत्याबाईंवर, वस्तादांवर, त्या चरवीवाल्या बायकांवर रागावले, आणि ते सगळे त्या रागाला पात्र होतेच, मी एकालाही सोडणार नाही. पण त्यांच्या हातून जे झालं नाही ते माझ्या हातानं झालं. कारण माझ्यापुढंच त्यांना हात राखता आला नाही. ज्याच्यावर माणसाचा भरवसा असतो, तेच माणूस त्याचं पथ्य मोडू शकतं, आणि मी ते मोडलं, चार लोकांनी मला वाढणारी म्हणावं म्हणून.

त्या संध्याकाळी ते सोप्यातल्या खांबाला टेकून बसले होते. धाप लागली होती. करदोट्याची गाठ त्यांनी सैल केली होती. मी पाणी नेऊन ठेवलं. ते प्यायले. मला खात्री होती की आता संपलं. उद्यापासून दूध, तूप, पार, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा चार ढेपा, किंवा पुढचा हंगामच नाही.

पहाटे मला जाग आली तर ते दारात बसून वहाणा घालत होते.

मी म्हणाले, "मोडलं न्हवं आपलं?"

"मोडलं तर दुसऱ्या दिशी परत धरायचं म्हनला हुता डाक्टर." त्यांनी करदोटा आवळला, टोक सोडून दिलं. मग उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक सांग. काल हात काढा म्हनलीस, ते माज्यासाठी, का लोकांसाठी?"

ते थोडा वेळ थांबले आणि चालू लागले. मी तशीच उभी होते. मग पदर खोचला, अनवाणीच निघाले आणि माळाच्या वळणावर त्यांना गाठलं. त्यांनी मागं बघितलं नाही, पण चाल हळू केली. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्याबरोबर गेले. पावसात गेलो, थंडीत गेलो, घरात पाहुणे असले तरी गेलो. गावातल्या बायका म्हणायच्या, नवरा-बायको उजाडायच्या आत देवाला कशाला जातात कोण जाणे.

पुढच्या हंगामाला ते तराजूत बसले नाहीत. "ढेपा जोखा, मला नगा जोखू," एवढंच म्हणाले. गाव दोन वर्षं रुसलं. मग तालमीत दुसरा पैलवान उभा राहिला, दूध तिकडं वळलं आणि आमच्या दारात चरव्या यायच्या बंद झाल्या. तेव्हा मी हसले, अगदी कडू हसले. एवढी गावाची माया, पण तिला दुसरं अंग मिळताच आमची आठवणही राहिली नाही. पथ्य त्यानंतरही मोडलं. जत्रेत मोडलं, लेकीच्या लग्नात मोडलं, भाऊ पलटणीतून धडधाकट परत आला त्या दिवशी तर आम्ही दोघांनी मिळून मोडलं. आणि प्रत्येक खेपेला दुसऱ्या दिवशी पहाटे दारात वहाणांचा आवाज झाला. लोक त्यांच्या कुस्त्या आठवतात. मला तो वहाणांचा आवाज आठवतो, कारण तो रोज होता.

तेहतीस वर्षं ते त्यानंतर जगले. नातवंडं खेळवली. घरात जेवताना दुसरी भाकरी संपली की ते सवयीनं ताटावर हात आडवा धरायचे, आणि मी तिथंच थांबायची. एकदाही "घ्या की" म्हणाले नाही. त्यांचा तो प्रश्न मात्र तसाच राहिला. पुन्हा त्यांनी विचारला नाही आणि मी होऊन सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून जायला हवं होतं.

ते गेले तेही हंगामातच. शेवटची आंघोळ घालताना करदोट्याचं टोक वीतभर लोंबत होतं. तेराव्याला गोडाचं करतात. गावानं हौसेनं केलं, गुळाच्या पोळ्या, कारण पैलवानाला आवडायच्या. आवडायच्याच. आवडत होत्या म्हणूनच तर तेहतीस वर्षं नको म्हणण्याला काही किंमत होती, हे त्या मांडवात कुणाला ठाऊक नव्हतं. बायकांच्या पंगतीत मला मधे बसवलं. मी अर्धी पोळी खाल्ली आणि पत्रावळीवर हात आडवा धरला. वस्तादांची पुतणसून तुपाचा तांब्या घेऊन समोर आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"पैलवानाच्या नावानं एक घ्या वैनी. हात काढा."

मी मान हलवली.

"आवं, काढा की हात," आजूबाजूच्या साऱ्या म्हणाल्या, आणि तिनं तूप ओतलं. कढत होतं. बोटांच्या बेचक्यांतून ते खाली पत्रावळीवर ठिबकू लागलं. सगळ्या थांबून बघत होत्या, आता काढेल, मग काढेल.

मी हात काढला नाही.